जवळच्या माणसावर हल्ला झाल्यास बळ कधी वापरावे आणि कुठे थांबावे

गोव्यात विवाह आणि दांपत्याची मालमत्ता यांचे प्रश्न अजूनही पोर्तुगीज काळातील नागरी संहितेच्या आधाराने सोडवले जातात. परंतु त्यावरून मारामारीच्या बाबतीतही आपल्याकडे काही वेगळे नियम असतील, असे कोणी समजू नये. फौजदारी कायदा देशभर एकच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे बचावाच्या हक्काविषयी आहेत आणि जुन्या दंड संहितेतील ९६ ते १०६ या कलमांचाच आशय त्यांत जवळजवळ तसाच आला आहे.

पहिली गोष्ट ही, की हा हक्क केवळ स्वतःपुरता किंवा रक्ताच्या नात्यापुरता नाही. कलम ३५ प्रमाणे स्वतःच्या शरीराइतकाच 'इतर कोणत्याही व्यक्तीच्या' शरीराचा बचाव करता येतो, मग ती आई असो, शेजारीण असो की बसथांब्यावरची अनोळखी मुलगी. त्यामुळे 'माझ्या भावाला मारले म्हणून मी मारले' हे न्यायालयात पुरेसे उत्तर ठरत नाही. आपण हात उचलला त्या क्षणी भावाला धोका होता का, आणि तो टाळण्यासाठी तेवढे बळ लागत होते का, एवढेच तिथे पाहिले जाते. नाते जितके जवळचे तितका संताप जास्त असतो, आणि नेमका तोच आपली बाजू बिघडवतो.

धोका कधी सुरू झाला हे ओळखायला आधीच शिकून घ्यावे. पहिला घाव बसेपर्यंत थांबण्याची सक्ती कायदा करत नाही. कलम ४० नुसार प्रयत्नामुळे किंवा धमकीमुळे शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मेरेवरून वाद पेटला आहे, शेजारी गडग्यापलीकडे उभा राहून तुमच्या वडिलांना शिव्या देतो आहे आणि त्याचा कोयता कमरेच्या आकडीत अडकवलेला आहे. या घडीला वडिलांना हाताला धरून घरात नेणे, दार लावणे आणि ११२ वर फोन करणे हेच योग्य, कारण शिवी कितीही झोंबली तरी ती शरीरावरचा हल्ला नव्हे. तोच माणूस कोयता उपसून गडगा ओलांडतो आणि वडिलांच्या दिशेने येऊ लागतो, तेव्हा मात्र परिस्थिती पालटते. आता त्याच्या हातावर काठी मारणे किंवा त्याला ढकलून पाडणे समर्थनीय ठरते, आणि तो वार करण्याच्या बेतात असेल तर त्याहून अधिक बळही समर्थनीय ठरू शकते.

हे 'अधिक' कुठवर जाते, ते कलम ३८ सांगते. ज्या हल्ल्यातून मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटते, जो बलात्काराच्या, अनैसर्गिक वासनेच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केला जातो, ज्यात ॲसिड फेकले जाते किंवा तसा प्रयत्न होतो, किंवा ज्यात माणसाला अशा रीतीने कोंडले जाते की पोलिसांची मदत मिळणेच शक्य नाही, अशाच हल्ल्यांत हल्लेखोराचा जीव जाण्याइतका प्रतिकारही गुन्हा ठरत नाही. जबर दुखापत म्हणजे अस्थिभंग, दृष्टी किंवा श्रवण जाणे, चेहऱ्याची कायमची विद्रूपता, जिवाला धोका उत्पन्न करणारी इजा, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचे व्यवहार करू न देणारी इजा. या यादीबाहेरच्या हल्ल्यात, म्हणजे थप्पड, धक्का, कॉलर धरणे अशा वेळी, बचाव करता येतो. परंतु कलम ३९ नुसार जाणूनबुजून जीव घेता येत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा तर कुठेच नाही, आणि पोलिसांकडे जायला पुरेसा वेळ होता अशा ठिकाणी हा हक्क मुळातच मिळत नाही.

म्हणून न्यायाधीश प्रत्येक फटका तराजूत तोलतात असेही नाही. १९५२ मध्ये अमजद खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा गोष्टी सोन्याच्या तराजूत तोलता येत नाहीत. कटनीच्या दंगलीत जमावाने इमारतीतला त्यांच्या भावाचा भाग लुटला, मग त्यांच्या दुकानाच्या दारावर लाठ्या बडवायला सुरुवात केली, आणि त्यांनी गोळी झाडली. दार फुटेपर्यंत त्यांनी वाट पाहायला हवी होती, हे म्हणणे न्यायालयाने मानले नाही.

मात्र थांबण्याच्या बाबतीत हीच उदारता मिळेल असे धरून चालू नये. हक्क धोक्याबरोबर सुरू होतो आणि धोक्याबरोबर संपतो. काठीच्या फटक्याने कोयता खाली पडला, माणूस अंगणात कोसळला, तुम्ही कोयता पायाने दूर सारला. इथे तुमचा बचाव संपला. त्यानंतर त्याच्या पाठीत घातलेला दुसरा फटका हा बचाव नसून मारहाण आहे, मग पहिला फटका कितीही न्याय्य असो. १९६३ च्या जय देव खटल्यात समोरची माणसे पळत सुटल्यावरही गोळी झाडली गेली होती, आणि धोका टळल्यावर हक्क उरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने तिथे स्पष्ट केले. सद्भावनेने, सूडाचा हेतू न ठेवता, मर्यादा ओलांडून जीव गेला तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध मानण्याची तरतूद कलम १०१ च्या अपवादात आहे. पण ती सुटका नव्हे, शिक्षा तरीही होते. म्हणून घरातल्या तरुण मुलांना आधी कसे मारायचे ते नव्हे, तर शस्त्र दूर सारून मागे कसे सरायचे ते शिकवावे, असे माझे मत आहे.

सर्वांत जास्त गफलत होते ती बहिणीच्या बाबतीत. नवऱ्याने मारले म्हणून ती रात्री माहेरी येते आणि दुसऱ्या दिवशी भाऊ चार मित्रांना घेऊन मेहुण्याच्या दारात उभा राहतो. भावना समजते, पण कायद्याच्या नजरेत हा सूड आहे. शिवाय पाच जण जमले की गैरकायदा जमावाचे कलमही लागू शकते, आणि ज्याच्यावर तक्रार व्हायची तोच तक्रारदार होऊन बसतो. बहिणीला मार पडत असताना तिथे असाल तर मध्ये पडावे, त्याला आवरावे, तिला बाहेर काढावे. नंतर कळले असेल तर तिची वैद्यकीय तपासणी, पोलीस तक्रार, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज हा मार्ग आहे. १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांकही आहे.

जत्रेतल्या भांडणाचे वेगळे आहे. दशावतार रंगात आलेला असताना कोणी प्यालेला माणूस धाकट्या भावाला धक्का देतो, भाऊ 'चल, मागे ये' म्हणून त्याला बाजूला बोलावतो, आणि दोघे जुंपतात. आपल्या मर्जीने लढायला उतरलेल्याला बचावाचा हक्क सहसा मिळत नाही, आणि त्याच्या बाजूने उडी घेणाऱ्यालाही नाही. समोरचा नशेत किंवा मनोरुग्ण असेल, तर त्याच्यावर गुन्हा लागो न लागो, कलम ३६ मुळे आपला बचावाचा हक्क तेवढाच राहतो. तरीही घरातल्या आजारी माणसाला आवरताना फटक्यापेक्षा पांघरूण आणि चार हात बरे. घरच्या माणसाला पोलीस सद्भावनेने अटक करत असतील, तर अटकेत कायदेशीर त्रुटी असली तरी बळाने अडवू नये. साध्या वेशातील माणसाला मात्र ओळखपत्र जरूर विचारावे. भाटातून नारळ नेणाऱ्या चोराला पकडून ठेवता येते, त्याचा जीव घेण्याइतके बळ वापरता येत नाही. रात्री घर फोडणाऱ्याच्या बाबतीत कलम ४१ ने मर्यादा पुष्कळ पुढे नेली आहे.

प्रसंग संपल्यावर पळून जाऊ नये. हल्लेखोर जखमी असेल तर त्याच्यासाठीही १०८ ला बोलवावे. तुम्हाला त्याचा जीव नको होता, हे त्यातून दिसते. स्वतःच्या आणि घरच्या माणसाच्या जखमांची नोंद त्याच दिवशी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात करून घ्यावी; अंगावरचे कपडे धुवू नयेत, काठी आणि कोयता पंचनाम्यापर्यंत हलवू नयेत. शेजारच्या दुकानात किंवा बारमध्ये सीसीटीव्ही असेल तर चित्रण पुसले जाण्यापूर्वी जपून ठेवावे, अशी लेखी विनंती पोलिसांना करावी. फिर्याद कोणत्याही पोलीस स्थानकात देता येते. ती ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत सही करावी लागते. जबानीत कोण कुठे उभा होता, कोणाच्या हातात काय होते, तुम्ही कधी थांबलात, एवढे क्रमाने सांगावे; 'त्याला धडा शिकवायचा होता' असे एक वाक्य सगळा बचाव धुऊन टाकू शकते. बचावाचा हक्क सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो शंकातीत नव्हे, केवळ अधिक संभाव्य दाखवावा लागतो. अटक झाल्यास चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाते आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर मोफत मदत मागावी. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना ती उत्पन्नाची अट न लावता मिळते.