पायथॉन स्क्रिप्ट ग्राहकाला देण्याआधी
पायइन्स्टॉलरने (स्क्रिप्टची थेट चालणारी फाइल करणारं टूल) बनवलेली ईएक्सई म्हणजे कुलूप नव्हे, नुसतं गाठोडं. ते सोडलं की आतल्या पीवायसी फाइल (पायथॉनने मशीनसाठी रूपांतर केलेला कोड) हाती लागतात आणि डिकंपायलर, म्हणजे ते रूपांतर उलटवणारं टूल, त्यातून बऱ्याचदा जवळजवळ मूळ कोड काढून देतो. गळतात त्या कॉमेंट. ऑबफस्केशनने, म्हणजे कोड मुद्दाम दुर्बोध केल्याने, नावांची गिचमिड होते, वाचणाऱ्याचा वेळ जातो, इतकंच. त्यामुळे पासवर्ड, एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) आत ठेवूच नका. त्या सर्व्हरवर राहू द्या. गाभ्याचा भाग सायथॉनने (पायथॉन कोड सी भाषेत नेणारं टूल) कंपाइल केलात तर उलगडणं बरंच जड जातं. लायसन्स लेखी हवं: किती मशीनवर चालेल, पुढे विकता येईल का. मात्र आत जीपीएल या खुल्या लायसन्सची लायब्ररी जोडली असेल, तर ग्राहकाला सोर्सही, म्हणजे मूळ कोडही, द्यावा लागतो. हे आधी तपासा, नाहीतर सगळी झाकपाक फुकट.