आईबाबांचे पाय चोळून द्यायचेत? मग असं करा

आपल्याकडे मिठीबिठी मारायची पद्धत नाही. एअरपोर्टवर मारतात तेवढीच, ती पण खांद्याला खांदा लागला की झालं. आपल्या घरात हात लागतो तो कसल्या तरी निमित्ताने, ताप बघायला कपाळावर, डोकं दुखलं की चेपायला, नाहीतर दिवाळीत तेल-उटणं लावताना. आणि यातलं बहुतेक सगळं मोठ्यांकडून लहानांकडे जातं. नरक चतुर्दशीला आई पहाटे उठून सगळ्यांच्या पाठी चोळते, तिची पाठ कोण चोळतं ते विचारा एकदा घरात. जोडीदार गेला की मग तर बघायलाच नको, कित्येक म्हाताऱ्या माणसांना बीपी बघणाऱ्याशिवाय आठवडाभर कोणाचा हात लागत नाही.

म्हणून तेलाचं निमित्त करा. परदेशातली मुलं फूट मसाजर पाठवतात आणि तो थोड्याच दिवसात पलंगाखाली जातो, त्याने पाय मोकळे होतात हे खरंय पण इथे मुद्दा नुसत्या पायांचा नाहीये.

पहिली अडचण म्हणजे "राहू दे गं, कशाला". जबरदस्ती करू नका, नखांपासून सुरुवात करा. वय झालं की वाकून पायाची नखं कापणं जमत नाही आणि ते सांगायची लाज वाटते, त्यामुळे नखं काढून देते म्हटलं की सहसा नाही म्हणत नाहीत. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत (शुगर असेल तर पाय भिजवत ठेवू नका, आंघोळीनंतर लगेच कापा). आता पाय पुसलाच आहे तर जरा तेल लावते, असं सहज म्हणायचं. बाबांना सुनेने पाय चोळलेले अवघड वाटतं, तिथे मुलाने बसावं, बायकोला पुढे करू नये.

वेळ रात्रीची, जेवून तास दीड तास झाल्यावर. टीव्हीवर सिरीयल चालू असेल तर उत्तम, तिकडे बघता येतं म्हणून कोणालाच अवघडल्यासारखं होत नाही. त्यांना खुर्चीत बसवा, तुम्ही समोर पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर, मांडीवर जुना टॉवेल आणि त्यावर त्यांचा पाय. थंडीत तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल, दोन चमचे पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा आणि आधी स्वतःच्या मनगटावर बघा.

लगेच चोळायला लागू नका. दोन्ही हातांनी पाऊल नुसतं धरून ठेवा अर्धा मिनिट. मग घोट्यापासून गुडघ्याकडे सावकाश हात फिरवायचा, आणि सावकाश म्हणजे खरंच सावकाश, त्या एका फेरीला मनात दहा आकडे मोजायचे. याला कारण आहे. हातापायाच्या केसाळ कातडीत काही बारीक मज्जातंतू असतात जे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर वेगाच्या हळुवार स्पर्शालाच सगळ्यात जास्त दाद देतात आणि तो निरोप मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागात पोचवतात, स्वीडनच्या संशोधकांनी माणसात हे दाखवलंय. घाईघाईने खसाखसा चोळलं तर तेल लागतं, एवढंच.

तळव्याला मात्र दाब चालतो. टाचेपासून बोटांकडे अंगठा रेटत न्यायचा, मग एकेक बोट हलकं ओढायचं, बोटांच्या बेचक्यात हात फिरवायचा. नजर पायावर नको, चेहऱ्यावर ठेवा, दुखलं तर ते तोंडाने सांगणार नाहीत, भुवई सांगेल. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्यानेसुद्धा अभ्यंग म्हणजे अंगाला तेल लावणं सांगताना डोकं, कान आणि पाय यांना आवर्जून तेल लावा असं म्हटलंय.

काशाची वाटी असेल तर ती तळव्यालाच घासा, नडगीवर नको, तिथली कातडी पातळ असते. वाटीने पाय काळा होतो आणि सगळे म्हणतात बघ केवढी उष्णता निघाली! तसं काही नाहीये हो, काशात तांबं असतं, घाम आणि तेलाशी घासून तो काळेपणा येतो. पण आजीला तसं वाटत असेल तर वाटू दे, वाद घालायची ही वेळ नव्हे.

आता जे अजिबात करायचं नाही ते. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल तर हात लावू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते, तडक डॉक्टरकडे न्या. नुकतं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, ताप, जखम असताना नको. शिरा फुगून वर आल्या असतील तर त्यावर दाब द्यायचा नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हात एकदम हलका. डायबेटिसवाल्यांच्या पायाला बधिरपणा असू शकतो, मग गरम लागलेलं कळत नाही, म्हणून बेचक्यांत चीर, फोड आहे का ते बघून घ्या आणि बेचक्यात तेल राहू देऊ नका. आणि याने झिजलेला गुडघा बरा होईल असं सांगू नका त्यांना, होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, तळव्याचं तेल पूर्ण पुसा. रात्री बाथरूमला जाताना तेलकट पाय फरशीवरून सटकला तर खुबाच मोडायचा. ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, बोटांमध्येसुद्धा.

रोज जमलं नाही तरी चालेल, आठवड्यातून दोनदा केलंत तरी खूप झालं, फक्त वार ठरवून टाका म्हणजे त्यांना मागायला लागत नाही. आणि आई म्हणाली की ये, आता तुझ्या डोक्याला तेल लावते, तर उद्या ऑफिस आहे, केस तेलकट होतील वगैरे काही न सांगता गुमान खाली बसायचं.