एकट्याने वेब डेव्हलपमेंट करताना उत्साह कुठे गळतो : या चुका टाळा

एकट्याने वेबसाइट बनवून देण्याचा व्यवसाय थाटलेली मुले साधारण आठव्या-नवव्या महिन्यात माझ्याकडे येतात आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असते : आता कामाला बसावेसेच वाटत नाही. त्यांना एखादा व्हिडिओ, नाहीतर पहाटे उठण्याचा मंत्र हवा असतो. मी मात्र आधी दोन गोष्टी विचारतो : अर्धवट पडलेली कामे किती, आणि लोकांकडून येणे किती? हे दोन आकडे ऐकल्यावर मनाची चौकशी करण्याची वेळ क्वचितच येते.

पहिली आणि मला सर्वांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे काम कुठे संपते हे न ठरवता ते सुरू करणे. ही चूक मी स्वतः यथासांग केलेली आहे. 2018 साली भोसरी परिसरातील एका कारखानदारांची वेबसाइट मी पस्तीस हजारांत घेतली. आगाऊ रक्कम मागण्याचा संकोच वाटला आणि ‘साइट पूर्ण झाली की सगळे एकदम देऊन टाकू’ या शब्दावर मी कामाला लागलो. तीन आठवड्यांत मांडणी तयार झाली, मजकूर मात्र येईना. अखेर तो व्हॉट्सॲपवर आला, तोही छायाचित्रांच्या रूपात : कॅटलॉगची पाने टेबलावर पसरून मोबाइलने टिपलेली, एका कोपऱ्यात चहाचा कप, आणि व्हॉल्व्हच्या मापांच्या तक्त्यावर नेमका ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. जी मापे दिसत नव्हती ती मी फोन करकरून विचारून घेतली. त्यानंतर ‘साहेब, तेवढा बॅनर बदलून घ्या’ सुरू झाले, मग मालकांचे चिरंजीव सुट्टीवर आले आणि त्यांना सगळे रंगच नापसंत ठरले. सात महिन्यांनंतरही ‘आमच्याविषयी’ या पानावर लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरण्यासाठी टाकलेला निरर्थक मजकूरच झळकत होता.

या काळात मी स्वतःला आळशी ठरवून टाकले होते. सकाळी लॅपटॉप उघडला की ‘फायनल_नवीन_3’ नावाच्या त्या फोल्डरवर नजर जायची आणि त्याच्या धास्तीने शेजारची, तासाभराची सोपी कामेही हातून होत नसत. उपाय म्हणून मी दोन महागडे कोर्स विकत घेतले आणि पाच वाजताचा गजर लावला. परिणाम इतकाच झाला की मी दोन तास आधीपासून अस्वस्थ राहू लागलो. शेवटी आठ दिवसांत मजकूर न आल्यास आहे त्या स्थितीत साइट सुपूर्द करून बिल लावीन, असा ईमेल मी त्यांना पाठवला आणि त्याच दुपारी तीन आठवडे रखडलेले दुसऱ्या एका ग्राहकाचे काम हातावेगळे केले. कारखानदारांकडून पुढे निम्मेच पैसे मिळाले, पण त्या दुपारपुरता माझा आळस नाहीसा झाला होता.

तेव्हापासून निम्मी रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही, दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोनच ठेवतो, तिसरीचा दर आधीच लिहून देतो आणि अंतिम बिल मजकुराशी न बांधता तारखेशी बांधतो. बिलाच्या तळाशी उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक छापतो. ही नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मी याची धमकी कधी देत नाही, पण समोरच्याचा हिशेबनीस तो क्रमांक वाचतो, हे मी अनुभवले आहे.

दुसरी लाडकी चूक स्वतःच्या वेबसाइटची. काम नसलेल्या महिन्यात ती पुन्हा नव्याने बनवायला घेणे हा आमच्या धंद्यातील सर्वांत प्रतिष्ठित वेळकाढूपणा आहे. मी ती वर्डप्रेसवरून गॅट्सबीवर, तिथून नेक्स्टवर, म्हणजे वेबसाइट बनवण्याच्या एका साधनावरून दुसऱ्यावर नेली; प्रत्येक वेळी पंधरा दिवस भरपूर काम केल्याचे समाधान मिळाले आणि एकाही नव्या ग्राहकाचा फोन आला नाही. आता रिकाम्या आठवड्यात मी जुन्या ग्राहकांना फोन करतो. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते आणि भोसरीतील बऱ्याच कारखान्यांनाही त्याच दिवशी सुट्टी असते, म्हणून फोन आणि थकबाकीची यादी ही दोन कामे मी गुरुवारसाठी राखून ठेवली आहेत. फोन करायला लाज वाटते असे सांगणाऱ्या मुलांना मी काही उत्तर देत नाही. त्यांना धंदा न करता त्याचे फळ हवे असते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. ग्राहकाचे डोमेन, म्हणजे त्याच्या वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेऊ नये, कारण त्यातून उद्भवणारे भांडण महिनाभराची झोप खाते. बॅकअप घेतल्याशिवाय चालू साइटवर प्लगइन (साइटला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम) अद्ययावत करू नये, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर मुळीच करू नये. टीडीएस (ग्राहकाने आधीच कापून भरलेला आयकर) वजा होऊन आलेली रक्कम पाहून खट्टू होण्याऐवजी कापलेली रक्कम 26एएस या आयकर खात्याकडील जमा कराच्या विवरणात दिसते का, हे तपासावे. विवरणपत्र भरताना ती करात वळती होते. वार्षिक देखभालीचे करार पहिल्याच वर्षापासून करावेत, कारण आषाढात नवी कामे आटली तरी घरभाडे थांबत नाही.

हे सगळे जागेवर असूनही, म्हणजे बिले वसूल आहेत आणि अर्धवट काहीच नाही, तरीही सलग तीन महिने काम नकोसे वाटत असेल, तर नोकरी धरण्यात कमीपणा नाही. 2020 साली मी स्वतः अकरा महिने एका कंपनीत काम केले. देखभालीचे सहा ग्राहक तेवढे शनिवारी सांभाळले आणि पुढच्या वर्षी परत आलो तेव्हा त्यातले पाच टिकून होते.