मतदानाच्या आदल्या रात्रीचा मेसेज कसा तपासाल?

चोपडा असो की शहादा, निवडणूक आली की हा मेसेज फिरतोच : ‘यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि चॅलेंज व्होट मागा.’ साफ खोटं. यादीत नाव नाही तर मत नाही. आधार फक्त ओळख पटवतं. चॅलेंज म्हणजे मतदान प्रतिनिधीने २ रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर घेतलेला आक्षेप. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल, तर निवडणूक नियम ४९-पी प्रमाणे प्रदत्त मत (टेंडर्ड व्होट) मिळतं, तेही मतपत्रिकेवर, यंत्रावर नाही. ‘अमुक टक्के प्रदत्त मतं झाली की फेरमतदान’ हीसुद्धा थापच.

आधी व्हॉट्सॲप मेसेजवरचे फॉरवर्डचे बाण पाहा. दोन बाण म्हणजे मजकूर किमान पाच हातांतून आलाय. पाठवणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. नाव आणि केंद्र १९५० या मतदार हेल्पलाइनवर विचारा. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून सर्वांत जुनी तारीख शोधा. व्हिडिओचा स्क्रीनशॉट घेतलात तर वरची मजकुराची पट्टी कापा, नाहीतर शोध त्या अक्षरांमागेच जातो. ऑडिओ क्लिपला हा इलाज नाही, आणि अहिराणीतला आवाज ऐकला की माणूस आपलाच वाटतो.

मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला तर ग्रुपवर चर्चा नको, थेट ११२. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी याच अफवेने पाच भटक्या माणसांचा जीव घेतला.

खुलासा त्याच ग्रुपवर टाका. पहिल्या ओळीत खरं लिहा. मूळ मेसेज पुन्हा फॉरवर्ड करू नका.