या चुका टाळा : सुरीला धार का लागत नाही, आणि लागली तर का टिकत नाही

धार लावून झाल्यावरही सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते, तेव्हा बहुतेक जण दगडाला किंवा पोलादाला दोष देतात आणि अधिक बारीक, अधिक महाग दगडाच्या शोधाला लागतात. दोष बहुधा त्या दोहोंचाही नसतो. पात्याच्या दोन बाजूंना घासून केलेले उतार खाली ज्या रेषेत एकमेकांना मिळतात, त्या रेषेला आपण धार म्हणतो. ते उतार जिथे मिळालेलेच नाहीत, तिथे कितीही घासले आणि पात्यावर कितीही चकाकी आणली तरी धार येत नाही. घरी होणाऱ्या बऱ्याचशा चुकांचे मूळ हेच आहे.

दगड हाती घेण्यापूर्वी सुरीला नेमके काय झाले आहे हे पाहावे. पाते उलटे धरून, कड वर करून, दिव्याच्या प्रकाशात ती पुढे-मागे झुकवावी. चांगली धार इतकी बारीक असते की तिच्यावरून प्रकाश परतत नाही. बोथट कडेवर मात्र पांढरी रेघ चमकते आणि जिथे टवका उडाला असेल तिथे ठिपका दिसतो. वापराने धार दोन प्रकारे बिघडते : कधी ती एका अंगाला वळते, तर कधी झिजून गोलसर होते. वळलेली धार पोलादी सळईवर हलक्या हाताने चार-सहा वेळा ओढली की बरीचशी सरळ होते, आणि अशा सुरीला प्रत्येक वेळी दगडावर घासणे म्हणजे पाते उगाच झिजवणे होय. उलट, झिजून गोल झालेल्या धारेवर सळई तासभर फिरवली तरी फारसे काही साधत नाही. रॉकवेल मापनात (पोलादाचा कठीणपणा मोजण्याच्या पट्टीवर) ६० किंवा त्याहून अधिक कठीण असलेल्या सुऱ्यांवर खरखरीत पोलादी सळई वापरूच नये, कारण इतके कठीण पोलाद वळण्याऐवजी तुटते आणि कडेचे बारीक टवके उडतात.

सर्वांत मोठी चूक : फेऱ्या मोजणे

‘प्रत्येक बाजूने वीस वेळा घासा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मीही तो बरीच वर्षे इमानेइतबारे पाळला आणि प्रत्येक वेळी निम्मीअर्धी धार पदरात पाडून घेतली. किती वेळा घासावे हे सुरी किती बोथट आहे, पोलाद किती कठीण आहे आणि दगड किती खरखरीत आहे यांवर अवलंबून असते. एका सुरीला दहा फेऱ्या पुरतात, तर दुसरीला शंभरही कमी पडतात. काम पुरे झाल्याची खूण सुरी स्वतःच देते. एका बाजूचा उतार थेट कडेपर्यंत पोहोचला की तिथले पातळ झालेले पोलाद दुसऱ्या बाजूला किंचित उलटते. कारखान्यांत या उलटलेल्या कडेला ‘बर’ म्हणतात. ती डोळ्यांना क्वचितच दिसते, पण अंगठा पात्याच्या पाठीकडून कडेच्या दिशेने, म्हणजे धारेच्या बाहेर, अलगद सरकवला की टोकाला खरखर जाणवते. (धारेवरून लांबीच्या दिशेने बोट कधीही फिरवू नये.) ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत सुरी उलटवू नये आणि बारीक दगडाकडे तर मुळीच वळू नये. ज्या दोन सेंटीमीटरांत ती लागत नाही, तिथे धार लागलेली नाही असे खुशाल समजावे.

बराच वेळ घासूनही खरखर येत नसेल, तर आपण उताराच्या खांद्यावरच घासत असतो आणि कड दगडाला टेकतच नसते. याची खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे उतारावर मार्कर पेनाने रेघ ओढून दोन-तीन वेळा घासून पाहणे. शाई फक्त वरच्या भागातून गेली तर सुरी फार सपाट धरली आहे. फक्त कडेवरून गेली तर पाठ जास्त उचलली आहे. कोन डोळ्यांनी मोजता येत नाही, पण पाठीची उंची मोजता येते : पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल, तर १५ अंशांसाठी पाठ दगडापासून सुमारे साडेअकरा मिलिमीटर उचलावी लागते आणि २० अंशांसाठी सुमारे साडेपंधरा. पातळ व कठीण पात्याच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूला १५ अंशांच्या आसपास कोन चालतो, तर मऊ पोलादाच्या जाडसर सुऱ्यांना २० अंशांच्या जवळपास ठेवणे बरे. पण १७ की १८ याचा घोळ घालण्यापेक्षा, जो कोन धरला तो पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत न डगमगता धरणे अधिक महत्त्वाचे आहे. टोकाकडे पाते वळते तिथे मूठ थोडी उचलावी लागते. ती न उचलल्यामुळेच अनेक सुऱ्या मध्ये चांगल्या कापतात आणि टोकाशी रखडतात.

दुसऱ्याच दिवशी धार गेली तर

धार लावल्याबरोबर सुरी कागद सरसर कापते आणि दोन जेवणांनंतर पुन्हा बोथट होते, ही तक्रार असेल तर बहुधा ‘बर’ काढायची राहिलेली असते. ती उलटलेली कड काही काळ धारेसारखी कापते, मग दुमडते किंवा तुटून पडते. ती काढण्यासाठी शेवटच्या फेऱ्यांत दाब सतत कमी करत न्यावा, दर फेरीला बाजू बदलावी आणि अखेरीस केवळ सुरीच्याच वजनावर पाते दगडावरून सरकवावे. त्यानंतर चामड्याच्या पट्टीवर, धार मागे राहील अशा दिशेने, पाच-सात वेळा ओढले की उरलेसुरले धागे निघून जातात. एवढे करूनही धार टिकत नसेल, तर कापण्याच्या पृष्ठभागाकडे पाहावे : काच, दगड, चिनी माती किंवा स्टीलच्या ताटात कापणाऱ्याच्या सुरीला कोणीच वाचवू शकत नाही.

दगडाबाबतच्या चुका थोड्या आहेत, पण नडतात. ग्रिटचा, म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक : टवके काढायला २०० ते ४००, नेहमीच्या धारेला १००० च्या आसपास आणि शेवटच्या हाताला ३००० किंवा पुढे. घरातल्या एकाच सुरीसाठी एकच दगड घ्यायचा झाल्यास १००० चा घ्यावा; बाकीची हौस मागाहून करता येते. पाण्यावर वापरायच्या दगडाला तेल लावू नये, त्याची छिद्रे बुजतात. सर्वच दगड तासन्‌तास भिजवायचे नसतात. काहींवर नुसते पाणी शिंपडणे पुरते आणि तसे दगड भिजत ठेवल्यास तडकू शकतात, म्हणून सोबतची सूचना वाचावी. वापराने दगड मध्ये खोलगट होतो आणि खोलगट दगडावर कोन स्थिर राहणे अशक्य असते. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून सपाट करण्याच्या डायमंडच्या पट्टीवर घासावे आणि सर्व रेघा पुसल्या गेल्यावर थांबावे.

ज्या उपकरणाच्या खाचेतून सुरी नुसती ओढायची असते, ते सोयीचे असले तरी त्यातली कठीण धातूची पाती पोलाद घासण्याऐवजी खरवडतात. धार येते, पण दातेरी, आणि मुठीजवळचा थोडा भाग खाचेत पोहोचत नसल्याने काही महिन्यांत तिथे पायरी तयार होते. स्वस्त सुरीसाठी ठीक आहे. आवडत्या सुरीसाठी मी ते वापरणार नाही.

दुसऱ्याकडून धार लावून घेताना

सुरी कारागिराच्या हाती देऊन मोकळे होणे ही यातली मुख्य चूक आहे. सुरी कशासाठी वापरता, कोन काय हवा आणि चाक किंवा पट्टा पाण्याने थंड ठेवला जातो का, हे आधी बोलून घ्यावे. कोरड्या, वेगवान चाकावर पातळ कड क्षणार्धात तापते, मग हातातले पाते थंड का लागेना. पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कठीणपणा, बहुधा २०० अंश सेल्सियसच्या आसपास पक्के केलेले असते. कड त्याहून बरीच तापली की ते पाणी उतरते. कडेवर निळसर छटा दिसली तर साधारण ३०० अंशांपर्यंत मजल गेली असे समजावे. ती छटा पुढच्या घासण्यात पुसलीही जाते, त्यामुळे ती न दिसणे ही हमी धरता येत नाही.

परत आलेली सुरी सपाट फळीवर धार खाली करून उभी ठेवावी आणि पाठीमागून प्रकाश पाहावा. मुठीजवळच्या सरळ भागाखालून उजेड आला तर पाते तिथे जास्त खाल्ले गेले आहे. अशा सुरीने भाजीचे काप सुटे होत नाहीत, माळेसारखे जोडलेले राहतात. टोक गोल झाले आहे का, हेही तेव्हाच बघून सांगावे. दातेरी सुरी सपाट दगडावर घासायची नसते. तिची प्रत्येक खाच उताराच्या बाजूनेच बारीक गोल सळईने घासावी लागते. एकाच बाजूला उतार असलेल्या सुरीला दोन्हीकडून सारखा कोन दिला की ती बिघडलीच. सिरॅमिक सुरीला डायमंडखेरीज काही लागू पडत नाही.

शेवटी एक कोडे राहते. सुरी कागद अलगद कापते, पण गाजरात अर्ध्यावर अडते आणि गाजर मोडल्यासारखे फाटते. इथे धार निर्दोष असते. वर्षानुवर्षे घासून कड वर सरकलेली असते आणि तिच्यामागे पात्याचा जाड भाग आलेला असतो. अशा वेळी पाते जवळजवळ सपाट धरून, खरखरीत दगडावर धारेमागचे अंग दोन्हीकडून पातळ करावे आणि त्यानंतरच नेहमीच्या कोनाने नवी धार लावावी. या कामात तास-दीड तास सहज जातो आणि पात्यावर ओरखडे उमटतात, त्यामुळे सुरी देखणी राहावी असे वाटत असेल तर ते जाणत्या कारागिराकडे सोपवावे.