दमट बँकॉकमध्ये फिल्म कॅमेरा घेऊन हिंडताना

बँकॉकच्या तलात नोई भागातील अरुंद गल्ल्यांत, जिथे इंजिनांच्या जुन्या सुट्या भागांचे तेलकट ढीग दुकानाच्या दारापर्यंत आलेले असतात, फिल्म कॅमेरा घेऊन पायी हिंडायचे असेल, तर पहिली काळजी बाष्पाची घ्यावी. वातानुकूलित खोलीत रात्रभर गार पडलेला धातूचा कॅमेरा दमट रस्त्यावर आणताच लेन्सवर पांढुरके धुके धरते, आणि तेच बाष्प आतल्या फिल्मवरही बसू शकते. म्हणून खोलीतच कॅमेरा आणि रोल हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत व बाहेर आल्यावर किमान अर्धा तास ती उघडू नये. तेवढ्यात नाश्ता निवांत उरकतो. लेन्स रुमालाने पुसण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण काच गार असेपर्यंत धुके पुन्हा धरतेच आणि धुळीचे ओरखडे तेवढे कायमचे राहतात. सावलीच्या गल्ल्यांसाठी ४०० आयएसओची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, फिल्म मला सर्वांत भरवशाची वाटते. काढून झालेले रोल मात्र उन्हात तापणाऱ्या पिशवीत दिवसेंदिवस बाळगू नयेत, कारण उष्णता आणि दमटपणामुळे डेव्हलप होण्यापूर्वीच त्यांवरील प्रतिमा क्षीण होऊ लागते.