इंग्लंडमधल्या सफोकच्या खेड्यांतली जुनी चर्च पाहताना

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशासंस्थेच्या नकाशावर क्रॉसखाली काळा चौकोन असेल तर मनोरा, काळं वर्तुळ असेल तर बहुधा निमुळतं शिखर. रविवारी सकाळी प्रार्थना चालते, ती वेळ टाळा.

दार घट्ट वाटलं म्हणून परत फिरू नका. लोखंडी कडं पूर्ण फिरवा, आतली खिट्टी उचलली गेली की खांद्याने ढकला. बहुतेक जण कडं अर्धवट फिरवतात आणि कुलूप आहे असं समजतात. खरंच कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे मिळेल ते पोर्चमधल्या फलकावर पाहा. आत शिरताना पायाखाली बघा, फरशी कधीकधी पायरीभर खाली असते. जाळीचं दार आठवणीने लावा. आत अडकलेला पक्षी तहानेने मरतो.

दुर्बीण हवीच. ब्लायदबर्गच्या चर्चमध्ये छताला आतून लावलेले लाकडी देवदूत तिच्याशिवाय नीट दिसत नाहीत.

मग दक्षिणेकडच्या भिंतीत तळाला भोक असलेला छोटा कोनाडा शोधा. तो पिसिना: पूजेची पात्रं धुतलेलं पाणी त्यातून जमिनीत जाई. असा कोनाडा बाजूच्या दालनात सापडला, तर तिथे पूर्वी आणखी एक वेदी होती हे ओळखावं.

चुन्याच्या भिंतींना हात लावू नका. वेनहॅस्टनच्या चर्चमधून 1892 मध्ये बाहेर काढून ठेवलेल्या लाकडी फळ्यांवरचा चुना पावसाने धुतला गेला आणि खालून अंतिम न्यायाचं (जगाच्या शेवटी देव माणसांचा करील त्या निवाड्याचं) मध्ययुगीन चित्र उघडं पडलं. अशी चित्रं अजून कुठे झाकलेली असतील!